दुष्काळ शोधला तर टंचाई सापडत नाही : संशोधन निबंधासाठी संदर्भ शोधणे आणि वापरणे

महाराष्ट्रात १९६३ पासून कायद्याच्या भाषेत दुष्काळ पडतच नाही. त्या वर्षी विधिमंडळाने खास कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्द काढून टाकला आणि ‘स्कॅर्सिटी’, म्हणजे टंचाई, हा शब्द रुजवला. सरकार शेतीच्या परिस्थितीवर सतत लक्ष ठेवून असते, टंचाईची चिन्हे दिसताच उपाय करते, तेव्हा दुष्काळ पडायला वावच उरत नाही, असे त्यामागचे कारण देण्यात आले. नऊ वर्षांनी १९७२ उजाडले. लोक दुष्काळ म्हणाले, वर्तमानपत्रे दुष्काळ म्हणाली, सरकारी फायली मात्र टंचाईच म्हणत राहिल्या.

आता एम. ए. चा एखादा विद्यार्थी गूगल स्कॉलर उघडतो, इंग्रजीत ‘फॅमिन’ आणि ‘महाराष्ट्र’ टाकतो आणि त्याच्या हाती बहुतेक १८७६–७८ च्या ब्रिटिशकालीन दुष्काळावरचे लेख लागतात. अर्ध्या तासाने तो प्रस्तावनेत लिहून टाकतो की ‘या विषयावर फारसे संशोधन झालेले नाही.’ संशोधन ढीगभर झालेले असते, पण ते दुसऱ्या शब्दाखाली ठेवलेले असते.

या लेखात हाच विषय उदाहरणाला घेतला आहे: १९७२ चा दुष्काळ आणि महाराष्ट्राची रोजगार हमी योजना. तुमचा विषय वेगळा असेल, पण अडचणी साधारण याच येतील.

आधी शब्दांचा कागद

संगणक उघडण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा: लोकांचा शब्द, सरकारचा शब्द, अभ्यासकांचा शब्द. ‘दुष्काळ’ समोर ‘टंचाई’ येईल आणि अभ्यासकांच्या रकान्यात ‘ड्रॉट’, ‘फॅमिन प्रिव्हेन्शन’, ‘रिलीफ वर्क्स’, ‘एन्टायटलमेंट’ येतील. ‘रोहयो’ समोर योजनेचे पूर्ण इंग्रजी नाव, ‘ईजीएस’ हे लघुरूप आणि ‘पब्लिक वर्क्स’, ‘वर्कफेअर’ हे व्यापक शब्द येतील. ‘खडी फोडणे’ हा शब्द तुम्हाला वर्तमानपत्रात आणि आठवणींमध्ये भेटेल, अर्थशास्त्राच्या लेखात कधीच नाही. उलट ‘अनस्किल्ड मॅन्युअल वर्क’ हे कायद्यात असेल, गावात कोणाच्या तोंडी नसेल.

गावांच्या आणि जिल्ह्यांच्या नावांसाठी चौथा रकाना लागतो. जुन्या छापील इंग्रजीत पूना आणि शोलापूर. छत्रपती संभाजीनगर १९७२ च्या कागदात औरंगाबाद असते, धाराशिव उस्मानाबाद, अहिल्यानगर अहमदनगर. शिवाय जालना आणि लातूर हे जिल्हेच तेव्हा नव्हते. जालन्याची १९७२ ची आकडेवारी ‘औरंगाबाद’ आणि ‘परभणी’ या जिल्ह्यांच्या पोटात तालुकावार दडलेली आहे. ती ‘जालना जिल्हा’ म्हणून शोधणाऱ्याला मिळणार नाही.

हे शब्द कुठून आणायचे? मराठी विश्वकोश किंवा विकिपीडियावरची नोंद यासाठी चांगली आहे. ती वाचा, शब्द आणि नावे टिपा आणि बंद करा. कोश हा तिसऱ्या हाताचा स्रोत असतो; निबंधात त्याचा हवाला दिला की परीक्षकाच्या कपाळावर आठी पडते आणि ते बरोबरच आहे. दुसरी जागा म्हणजे कोणत्याही एका चांगल्या लेखाच्या सारांशाखाली दिलेले ‘कीवर्ड्स’. ते लेखकाने स्वतः निवडलेले असतात आणि त्या क्षेत्रातली बोली काय आहे ते तिथे उघड दिसते.

या कागदाबरोबरच प्रश्नही आवळून घ्या. ‘रोजगार हमी योजना’ हा विषय झाला, प्रश्न नाही. ‘१९७२–७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या टंचाईच्या कामांवर स्त्रियांचे प्रमाण किती होते आणि ते तसे का होते’ हा प्रश्न झाला. प्रश्न असा बांधलेला असला की समोर आलेल्या दोनशे शीर्षकांपैकी एकशे सत्तर तिथल्या तिथे बाजूला टाकता येतात.

प्रश्नावरच ठरते की कोणता कागद प्राथमिक आणि कोणता दुय्यम. टंचाईच्या कामांवर मजूर किती होते हे तुम्हाला हवे असेल तर वर्तमानपत्रातली बातमी हा दुय्यम, आणि तोही कच्चा, स्रोत आहे. पण वर्तमानपत्रांनी दुष्काळ कसा रंगवला हा तुमचा प्रश्न असेल तर तीच बातमी प्राथमिक स्रोत होते.

गूगल स्कॉलर: चार खुणा आणि एक दुवा

नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झालेले गूगल स्कॉलर बहुतेक जण नुसत्या गूगलसारखे वापरतात, म्हणजे वाक्य टाकतात आणि पहिल्या पानावर थांबतात. चार खुणा शिकलात तर काम निम्म्यावर येते. शब्दसमूह दुहेरी अवतरणात टाकला की तो तसाच्या तसा शोधला जातो. दोन पर्यायी शब्दांमध्ये इंग्रजी ‘ऑर’ कॅपिटल अक्षरांत लिहिला की दोन्हींपैकी काहीही चालते. तुमच्या कागदावरचे रकाने इथे कामाला येतात. शब्दाला चिकटून आधी वजाचे चिन्ह दिले की तो शब्द असलेले निकाल गळतात. आणि ‘ऑथर’ किंवा ‘इनटायटल’ या शब्दांना चिकटून कोलन देऊन पुढे शब्द लिहिला, की अनुक्रमे लेखकाच्या नावात आणि शीर्षकात शोध होतो. डावीकडे वर्षांची मर्यादा घालायला विसरू नका. १९७२ ते १९८५ एवढी मर्यादा घातली की ज्यांनी ते प्रत्यक्ष पाहिले त्यांचे लेखन वर येते.

मराठी शब्द देवनागरीतही टाकून पाहा, रोमनमध्येही टाकून पाहा. मराठी प्रबंधांची आणि लेखांची शीर्षके अनेक ठिकाणी रोमन लिपीत नोंदवलेली असतात आणि त्यात ‘दुष्काळ’ चे स्पेलिंग तीन प्रकारचे सापडते.

पण सगळ्यात मोलाची गोष्ट शोधाच्या पेटीत नाही. ती प्रत्येक निकालाखाली बारीक अक्षरात असते: ‘साइटेड बाय’. कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांचा रोजगार हमी आणि कामाच्या बदल्यात धान्य या कार्यक्रमांवरचा लेख १९८० मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ईपीडब्ल्यूत, आला. तो काढा. त्याच्या तळटिपा आणि संदर्भयादी वाचली की तुम्ही १९८० च्या मागे जाता. ‘साइटेड बाय’ दाबले की पुढे येता: नंतरच्या चार दशकांत कोणी कोणी या लेखाचा आधार घेतला, कोणी खोडून काढला, ते सगळे दिसते. तिथेच वर एक छोटी चौकट असते, फक्त या उद्धृत करणाऱ्या लेखांमध्ये शोधण्यासाठी. ती टिचकवा आणि ‘विमेन’ टाका. आता तुमच्या हातात रोहयोवरचे नुसते लेख राहिलेले नाहीत. रोहयोवरच्या एका पायाभूत लेखाशी बोलणारे आणि स्त्रियांबद्दल काही सांगणारे लेख आहेत.

मागे आणि पुढे अशी ही दुहेरी चाल दोन-तीन लेखांवर केली की तीच तीच नावे पुन्हा दिसू लागतात. नवे नाव येईनासे झाले की शोध पुरे झाला असे समजायला हरकत नाही. तीस पानांच्या निबंधासाठी साधारण चाळीस शीर्षके टिपावीत, त्यातली पंधरा उतरवून घ्यावीत आणि सात-आठ पूर्ण, पेन हातात घेऊन वाचावीत. शंभर पीडीएफ साठवून एकही न वाचणे हा आजकालचा साथीचा रोग आहे.

स्कॉलरचे दोन दोष लक्षात ठेवा. एका शोधाचे ते फार तर पहिले १,००० निकाल दाखवते, वर आकडा दीड लाखाचा का दिसेना. आणि ते दर्जा पाहत नाही. नामांकित नियतकालिकातला लेख आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या संकेतस्थळावरचा लेख एकाखाली एक, सारख्याच अक्षरात येतात.

जे स्कॉलरवर नीट सापडत नाही

शोधगंगा हे भारतीय विद्यापीठांच्या पीएच. डी. प्रबंधांचे भांडार गांधीनगरचे इन्फ्लिबनेट चालवते. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २००९ च्या नियमांनी बंधनकारक झाले. तिथे प्रबंध एका अखंड फायलीत नसतो, प्रकरणवार तुकड्यांत असतो. तेव्हा पहिल्यांदा शेवटची, संदर्भसूचीची फाइल उघडा. कोणीतरी तीन-चार वर्षे घालवून जमवलेली यादी तुम्हाला दहा मिनिटांत मिळते, त्यात जिल्हा पातळीवरचे अहवाल आणि मराठी पुस्तिका असतात ज्यांचा स्कॉलरला पत्ता नसतो. प्रबंधांच्या दर्जात जमीन-अस्मानाचा फरक असतो, म्हणून त्यांचा वाटाड्या म्हणून उपयोग करा, पुरावा म्हणून जपून.

मराठी प्रबंधांची आणखी एक कटकट आहे. अनेक प्रबंध युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टंकलेले किंवा नुसते स्कॅन केलेले असतात. पडद्यावर ‘मजुरी’ स्पष्ट दिसते, पण शोधाच्या खिडकीत टाकली तर शून्य निकाल येतात, आणि उतारा कॉपी केला तर चित्रविचित्र इंग्रजी चिन्हे उमटतात. त्या फायलीत ‘मजुरी’ हा शब्द नाही असा निष्कर्ष काढू नका. अनुक्रमणिका पाहून पाने डोळ्यांनी चाळा.

आकडे हवे असतील तर १९७१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका जनगणना विभागाच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत. धोरणामागचे वाद हवे असतील तर विधानसभा आणि विधान परिषदेच्या कार्यवाहीचे खंड बघा, वि. स. पागे हे योजनेचे जनक मानले जातात आणि ते विधान परिषदेचे सभापती होते, त्यामुळे तिथे हात घातल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाने जुन्या ग्रंथांचे स्कॅन ऑनलाइन ठेवले आहेत आणि सरकारी अहवालांसाठी ते ग्रंथालय गाठण्यासारखे आहे. अशा ठिकाणी जाताना ओळखपत्र आणि मार्गदर्शकांचे पत्र बरोबर ठेवा. आणि कपाटापाशी जाण्याआधी ग्रंथपालांशी पाच मिनिटे बोला. नोंदवहीत ‘दुष्काळ’ कुठल्या मथळ्याखाली लावला आहे हे त्यांना पाठ असते.

लेख मिळवणे

शीर्षक सापडले, दुवा दाबला आणि समोर चाळीस डॉलर मागणारी पाटी आली. कार्ड काढू नका. आधी विचारा, की तुमचे महाविद्यालय ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मध्ये आहे का. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली ही योजना २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची आहे; ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिके तिच्यात येतात. ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या संस्थांसाठी आहे, त्यामुळे शासकीय विद्यापीठात शिकणाऱ्याला जे घरबसल्या उघडते ते खासगी महाविद्यालयातल्या त्याच्या मित्राला उघडत नाही. प्रवेश असूनही तो न वापरणारे विद्यार्थीच अधिक, कारण ग्रंथालयातून लॉगिन घ्यावे लागते आणि ते मागायला कोणी जात नाही.

प्रवेश नसेल तर स्कॉलरच्या निकालाखाली ‘ऑल व्हर्जन्स’ दाबा. लेखकाने स्वतःच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवलेली विनामूल्य प्रत पुष्कळदा तिथे असते. ‘अनपेवॉल’ नावाचा ब्राउझरला जोडायचा तुकडा हेच काम आपोआप करतो: कायदेशीर फुकट प्रत असेल तर कडेला हिरवे कुलूप उघडे दिसते. ईपीडब्ल्यूचे जुने अंक जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन भांडारात आहेत आणि जेस्टोरवर वैयक्तिक खाते काढले की ठरावीक संख्येने लेख पडद्यावर फुकट वाचता येतात. उतरवून घेता येत नाहीत, पण वाचता येतात, आणि टिपण काढायला तेवढे पुरते.

यातले काहीच जमले नाही तर लेखकाला ईमेल करा. चार ओळी पुरेत: ‘मी अमुक विद्यापीठात एम. ए. करत आहे. माझा निबंध टंचाईच्या कामांवरील स्त्रियांविषयी आहे. आपला अमुक वर्षीचा लेख आमच्या ग्रंथालयात उपलब्ध नाही. वाचण्यासाठी प्रत पाठवू शकाल का?’ विषयाच्या ओळीत लेखाचे शीर्षक टाका. बहुतेक अभ्यासक प्रत आनंदाने देतात. आपला लेख कोणीतरी शोधत आले याचेच त्यांना अप्रूप असते.

मिळालेला लेख खरा आहे का

हा प्रश्न पाच वर्षांपूर्वी विचित्र वाटला असता. आज तो पहिला आहे, कारण चॅटबॉटला ‘रोहयोवरचे दहा संदर्भ दे’ म्हटले की तो दहा देतो आणि त्यातले काही या पृथ्वीतलावर कधी छापलेच गेलेले नसतात. लेखकाचे नाव खरे, नियतकालिक खरे, शीर्षक अगदी शोभेसे, खंड आणि पृष्ठे मात्र मनची. तपासायला सोपे आहे. डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक. तो १० या आकड्याने आणि टिंबाने सुरू होतो. तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाका. दुसराच लेख उघडला किंवा काहीच उघडले नाही तर संदर्भ बनावट समजा. जुन्या लेखांना डीओआय नसतो, तेव्हा शीर्षक अवतरणात घालून शोधा आणि त्या अंकाची अनुक्रमणिका काढा. ईपीडब्ल्यूसाठी तर तोंडी गणित आहे. पहिला खंड १९६६ चा, म्हणजे वर्षातून १९६५ वजा केले की खंड क्रमांक मिळतो. १९८० चा खंड १५, २००५ चा खंड ४०. कोणी ‘१९८०, खंड २२’ असा संदर्भ देत असेल तर वर्ष आणि खंड यांतले एक नक्की चुकले आहे.

दुसरी चाळणी नियतकालिकाची. आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक म्हणजे नुसती नोंदणी; गाडीला नंबरप्लेट असली म्हणजे ब्रेक चांगले असतातच असे नाही. ‘चोवीस तासांत प्रकाशन’, ‘प्रमाणपत्रासह’, अशी जाहिरात व्हॉट्सॲपवर आली, इतिहासापासून औषधनिर्माणापर्यंत सगळे विषय एकाच अंकात असले, संपादक मंडळावरच्या व्यक्तीच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर त्या कामाचा उल्लेख नसला, तर ते नियतकालिक बाजूला ठेवा. आधी यासाठी यूजीसी-केअरची, म्हणजे यूजीसीने मान्य केलेल्या नियतकालिकांची, यादी बघण्याची सवय होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादी बंद करत असल्याचे जाहीर केले आणि पारखण्याचे निकष देऊन जबाबदारी संस्थांवर सोपवली. म्हणून आजही ‘केअर लिस्टेड’ असा शिक्का मिरवणाऱ्या संकेतस्थळाला भुलू नका.

तज्ज्ञांनी तपासलेल्या नियतकालिकातही सगळे सारख्या वजनाचे नसते. ईपीडब्ल्यूमध्ये ‘स्पेशल आर्टिकल’ हा लांब, पुराव्यांचा लेख असतो. ‘कॉमेंटरी’ हे छोटे भाष्य. दोन्ही वापरा, पण भाष्यातल्या ओळीला संशोधनाचा निष्कर्ष म्हणू नका.

आणि लेख मागे घेतला गेला आहे का, हेही बघा. अँड्र्यू वेकफील्ड यांचा लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला, पण त्याच्या जुन्या प्रती अजून फिरतात. ‘रिट्रॅक्शन वॉच’ची सूची फुकट पाहता येते, आणि झोटेरो हे संदर्भ सांभाळणारे मोफत सॉफ्टवेअर तुमच्या संग्रहातला असा लेख स्वतःहून लाल पट्टीने दाखवते.

मुळापर्यंत जाणे

रोजगार हमी योजना कोणत्या वर्षीची? चार लेख उघडा, चार उत्तरे मिळतील आणि गंमत म्हणजे कोणीच पूर्ण खोटे बोलत नसेल. योजना १९७२ मध्ये जाहीर झाली. तिला पैसा पुरवणारा व्यवसाय कर १९७५ च्या कायद्याने आला. हमीच्या कायद्याच्या नावात १९७७ हे वर्ष आहे, पण त्याचा क्रमांक आहे १९७८ चा महाराष्ट्र अधिनियम २०, आणि तो अंमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी. ‘१९७७ मध्ये हमीचा कायदा लागू झाला’ असे एकाने घाईत लिहिले, दुसऱ्याने त्याच्यावरून उतरवले, आणि दहा लेखांत ते आले की ते सत्य वाटू लागते. कायद्याची प्रत उघडली तर पहिल्याच पानावर उलगडा होतो.

आकड्यांचे तर याहून वाईट. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख मजूर सरकारी कामांवर होते, हा प्रसिद्ध आकडा आहे. तो ‘रोहयोवर ५० लाख मजूर’ असा उतरवला जातो. प्रत्यक्षात ती टंचाई निवारणाची कामे होती, रोहयोची नव्हेत. आणि तो दुष्काळाच्या सर्वांत कठीण टप्प्यातला आकडा आहे, वर्षाची सरासरी नाही. एक शब्द आणि एक महिना गळला, की तुमच्या निबंधाचा मुख्य निष्कर्ष हवेत लटकतो.

असे गळणे किती महागात पडते याचा नमुना वैद्यकात आहे. जानेवारी १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पोर्टर आणि जिक यांचे पाच वाक्यांचे पत्र छापून आले: रुग्णालयात अफूजन्य वेदनाशामके दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी आधी व्यसन नसलेल्या फक्त चौघांत व्यसनाची नोंद होती. पुढे हे पत्र ‘ही औषधे घेतल्याने व्यसन लागत नाही’ याचा पुरावा म्हणून फिरले. त्याच नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत त्याचा आधार घेणारे ६०८ लेख सापडले. त्यांतल्या ७२ टक्क्यांहून अधिकांनी ते व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून वापरले होते, आणि ८० टक्क्यांहून अधिकांनी ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलेच नव्हते. पत्र पाच वाक्यांचे होते. वाचायला एक मिनिट लागले असते.

मूळ कागद खरोखरच मिळाला नाही तर तसे लिहा: अमुक अहवाल, तमुक यांच्या लेखात उद्धृत. आणि संदर्भयादीत तुम्ही हातात धरलेला लेखच घाला, न पाहिलेला अहवाल नाही.

टिपण आणि स्वतःच्या शब्दांत मांडणे

वाङ्मयचौर्याच्या बहुतेक प्रकरणांचे मूळ लबाडीत नसते, टिपणवहीत असते. तीन महिन्यांपूर्वी उतरवलेले वाक्य आपले की लेखकाचे, हे आठवत नाही. म्हणून टिपणात तीन प्रकार वेगळे ठेवा. जसेच्या तसे घेतलेले वाक्य अवतरणात, पानासकट. आपल्या शब्दांत मांडलेले, अवतरणाशिवाय पण तेही पानासकट. आणि आपल्या मनात आलेले, समोर ‘माझे’ असे लिहून. पान क्रमांक तिथल्या तिथे टाका. तो नंतर शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई.

‘आपल्या शब्दांत’ म्हणजे काय, ते जवळून बघू. पुढचे मूळ वाक्य उदाहरणासाठी रचलेले आहे: ‘टंचाईच्या कामांवर स्त्रिया मोठ्या संख्येने येत असल्या, तरी मस्टरवर कुटुंबप्रमुख पुरुषाचे नाव लागत असल्याने मजुरी त्यांच्या हाती पडत नसे.’

विद्यार्थी बहुधा असे करतो: ‘दुष्काळी कामांवर महिला मोठ्या प्रमाणात येत असल्या, तरी हजेरीपटावर घरातील कर्त्या पुरुषाचे नाव असल्यामुळे वेतन त्यांना मिळत नसे.’ सात-आठ शब्द बदलले, सांगाडा तोच. संदर्भ दिला तरी हे चुकीचे आहे. त्यापेक्षा मूळ वाक्य झाका, आणि मैत्रिणीला सांगितल्यासारखे लिहा: ‘कामावर कोण आले आणि पैसे कोणाला मिळाले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मस्टरमधली नावे मोजून स्त्रियांचा सहभाग ठरवला तर तो प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो, कारण नोंद कुटुंबप्रमुखाच्या नावे होत असे,’ आणि पुढे लेखक, वर्ष, पान. इथे तुम्ही त्या वाक्याचा तुमच्या प्रश्नासाठी उपयोग केला. त्याला नुसते दुसरे कपडे चढवले नाहीत.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक सापळा खास आहे. इंग्रजी परिच्छेदाचे भाषांतर करून संदर्भाशिवाय घालणे हीसुद्धा चोरीच. साम्य तपासणारे सॉफ्टवेअर ती सहसा पकडत नाही. परीक्षक पकडतो, कारण त्याने ते इंग्रजी वाचलेले असते आणि तुमची मराठी त्या परिच्छेदात अचानक कर्मणी होते.

त्या सॉफ्टवेअरच्या अहवालातल्या साम्याच्या टक्केवारीची भीती मात्र अवाजवी असते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यायचे, ४० ते ६० असेल तर वर्षभर पुन्हा सादर करता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणी रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भयादी, कायद्यांची कलमे आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य यात धरत नाहीत. म्हणून अहवाल हातात आला की टक्का बघून छाती धडधडू देण्याआधी रंगवलेली वाक्ये बघा. ९ टक्क्यांत एक अख्खे चोरलेले पान असू शकते आणि १४ टक्क्यांत नुसती संदर्भयादी.

संदर्भयादी

संदर्भ लिहिण्याची पद्धत एपीए, एमएलए की शिकागो, हे विभाग ठरवतो. तुम्ही फक्त एकच धरून ठेवा. झोटेरो सुरुवातीलाच बसवा, शेवटच्या आठवड्यात नाही. ब्राउझरमधले बटण दाबले की लेखाची माहिती आपोआप येते, पण ती पारखून घ्या. अंक क्रमांक गळणे आणि भारतीय नावांची आडनावे उलटीपालटी होणे हे नेहमीचे. मराठी पुस्तके हातानेच भरावी लागतात, आणि मराठी यादीत ‘एट अल’ सारखे इंग्रजी तुकडे घुसतात, ते शेवटी ‘व इतर’ करून घ्यावे लागतात.

शासन निर्णय उद्धृत करताना विभाग, निर्णय क्रमांक आणि तारीख ही तिन्ही हवीत. ‘महाराष्ट्र शासन, १९७४’ एवढ्यावरून कोणालाही काही सापडणार नाही. वर्तमानपत्राची तारीख आणि पान यांबरोबर आवृत्तीही लिहा, कारण पुणे आवृत्तीतली बातमी मुंबई आवृत्तीत नसू शकते. पुस्तकाचे पुनर्मुद्रण वापरले असेल तर दोन्ही वर्षे द्या, नाहीतर पान क्रमांक जुळत नाहीत.

जुन्या मराठी पुस्तकांवर आणि मासिकांवर शके छापलेले असते. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. शके १८९४ चा कार्तिक म्हणजे १९७२, त्याच शकातला माघ म्हणजे १९७३. महिना छापलेला नसेल तर ‘१९७२–७३’ असे लिहा.

शेवटी निबंध छापून घ्या आणि दोन रंगांची पेने घ्या. एकाने मजकुरातल्या प्रत्येक संदर्भावर खूण करा, दुसऱ्याने यादीतल्या. ज्या नावावर एकच रंग उमटेल ते एक तर यादीतून निसटले आहे, नाहीतर न वाचता यादीत शिरले आहे.